सुमीच्या पत्रिकेची नक्षीदार अक्षरं

दादा, पुन्हा तेच! अख्खी लग्नपत्रिका नक्षीदार अक्षरांतच हवी, असा हट्ट धरून बसलायस. हे पत्र वाडीत सगळ्यांना वाचून दाखव, मग बोला.

आज मुलुंडच्या आमच्या प्रेसमध्ये आपल्या सुमीच्या पत्रिकेचा सगळा मजकूर तुझ्या मनासारखा नक्षीदार अक्षरांत जुळवला. पहिला कागद शेजारच्या बबनकाकांना दाखवला.

"वेलबुट्टी झकास रे! पण मजकूर कधी छापणार?"

"काका, हाच मजकूर!"

त्यांना लग्नाचं गावसुद्धा सापडेना. अशाने पाहुणे पोचणार कसे?

म्हणून सुमीचं नि नवरदेवाचं नाव तेवढं नक्षीत ठेवलंय. ती नावं सगळ्यांना ठाऊकच आहेत. गाव, तारीख, मुहूर्त साध्या ठळक अक्षरांत. सांगा मंडळी, माझं काय चुकलं?

दादा, रुसू नकोस. नक्षी हवीच तर मांडवाला कर. त्यासाठी मनीऑर्डरने दोनशे रुपये धाडतोय.