थोरल्या भावाने बुजवलेली चारी

मुकादम आबांना एका जागी बसवतच नसे. रस्त्याच्या पाहणीला निघालं की नरडाण्याच्या अलीकडेच त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. जीप जरा हळू झाली की आबांचा एक पाय बाहेर! "आबा, पडाल हो!" मी ओरडायचो. "बठीसन रस्ता दिसत नही, साहेब," म्हणत ते उतरायचे आणि तरातरा पुढे चालू लागायचे. मी बांधकाम खात्यातला नवा इंजिनिअर. जीपमध्ये बसून राहायची मलाच लाज वाटायची.

मी वहीत खड्डे टिपायचो. आबा खड्ड्याकडे ढुंकूनही बघत नसत. ते कडेच्या शेतात शिरून मातीत बोट खुपसायचे. "पानी कथाईन ई ऱ्हायनं, ते देखा." पाणी कुठून येतंय ते आधी बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, वरचं डांबर बिचारं काय करणार? आधी कडेची चारी उपसायची, मग रस्त्याखालची मोरी मोकळी करायची, डांबर सगळ्यात शेवटी. हा क्रम कुणी मोडला की आबा समोरचा चहासुद्धा घेत नसत.

सध्या मी कोकणात खाडीकाठच्या रस्त्यांचा दुरुस्ती आराखडा करतोय. इथे भरतीचं पाणी कडेखालचा भराव कुरतडतं. आबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण मी इथेही आधी पाणी कुठून येतं तेच शोधतो. एकेक चारी दोनदोनदा बघून येतो, तरी जीव थाऱ्यावर नसतो. त्याला कारण आहे.

आबांच्या गावाजवळ त्यांच्याच थोरल्या भावाने शेतात ट्रॅक्टर न्यायला चारीत मुरूम भरला होता. तिकडे बरेच जण असंच करतात. ती जागा मला आबांनीच दाखवली. "आराखड्यात लिखा, साहेब. चारी मोकळी करानी, पाइप टाकी देवाना. ट्रॅक्टरबी जाई, पानीबी जाई." मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. भाऊ गावातलं वजनदार माणूस, त्यात आबांच्या घरचं. उगाच कशाला दुखवा? खड्डे बुजवून वर डांबर ओतलं आणि मोकळा झालो.

आषाढात पाणी तुंबलं आणि नेमकी तिथेच रस्त्याची कड खचली. रिक्षा उलटून बाजाराला निघालेल्या एका बाईचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा आबा एकटेच, गुडघाभर चिखलात, कुदळीने चारी उकरत होते. बांधावरून भाऊ नाही नाही ते बोलत होते. "आबा, थांबा, मी मजूर लावतो," मी म्हणालो. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

पुढे मी माफी मागितली, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "कागदवर तुम्ही लिखं ऱ्हातं, ते भाऊ तुमनावर संतापता. आते मन्हावर संतापना." मी लिहिलं असतं तर भावाचा राग माझ्यावर निघाला असता; चारी आबांनी उकरली, म्हणून तो त्यांच्यावर निघाला. एका भिंतीला लागून दोघांची घरं. पण भाऊ पुन्हा कधी आबांशी बोलले नाहीत. आबा सणाला ताट पाठवायचे, ते तसंच परत यायचं.

गेल्या वर्षी आबा गेले. बातमी कळताच मी कोकणातून निघालो. आबांना अंगणात ठेवलं होतं. थोरले भाऊ अंगणाच्या दारापर्यंत आले, चपला काढल्या, थोडा वेळ उभे राहिले. मग चपला पायात सरकवल्या आणि मागे वळले. मी एक ओळ लिहिली असती, तर ते आत आले असते.