आजोळी धाडलेली आरोही

घरात हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या बाजूची काही गावं माझ्याकडे. गावातली किती पोरं बाळसं धरतात, किती खंगतात, यावरच आमचं काम जोखलं जातं. त्या वर्षी एका गावाचं नाव बक्षिसासाठी वर चाललं होतं. तीव्र कुपोषित मूल एकही नाही, असं मीच बैठकीत सांगितलं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग कळलं, जिल्ह्याहून पथक येणार — पोरांची वजनं पुन्हा घेणार.

मी खोटं सांगितलं होतं का? तेव्हा तरी नाही. पण पथक यायच्या आधी खात्री करायला म्हणून गावात गेले आणि सुरेखाच्या दारात थांबले. तिची आरोही ओट्यावर बसली होती. दीड वर्षाची. मधे ताप येऊन गेला होता, त्यात फार उतरली होती. नुसतं बघूनच कळत होतं. तरी मी दंडाला मापाची पट्टी लावली. लाल रंग आला.

लाल म्हणजे काय, हे मला गावात सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. असं तीव्र कुपोषित मूल सापडलं की गावातच बाल विकास केंद्र सुरू करायचं, खास आहार द्यायचा, डॉक्टरांनी येऊन तपासायचं. आणि सापडलंच नाही तर — केंद्र उघडणार कशाला?

पट्टी पिशवीत टाकली. सुरेखाला म्हणाले, "पोरगी अशक्त झालीय गं. थोडे दिवस लोणंदला आईकडे जाऊन ये. हवापालट होईल."

किती मायेनं बोलले असेन! तिला बरं वाटलं. बाई आपल्या पोरीची काळजी करतात, असं तिनं सासूला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसली.

पथक आलं. हजर पोरांची वजनं झाली. आमचं गाव उतरलं कसोटीला. मला शाल, नारळ मिळाला, फोटो निघाले. त्या गडबडीत आरोहीची आठवण झाली नाही का? झाली. परत आली की बघू, असं मनाशी म्हटलं. पण तिला दाखवायचं कुणाला — आणि इतके दिवस कुठं होती म्हणून सांगायचं? तिकडे पोरगी सुधारेना, म्हणून सुरेखाचा मुक्काम लांबला होता. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी लावला नाही.

लोणंदला आरोहीला जुलाब सुरू झाले. साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. आरोही गेली.

मी भेटायला गेले. न जाऊन कसं चाललं असतं? सुरेखा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. माझा हात धरून तिनं विचारलं, "बाई, मीच लय दिवस ऱ्हायले का वं तिकडं? मीच उशीर केला का?"

नाही गं, मी धाडलं तुला — एवढंच तर बोलायचं होतं. मला दिसलं होतं आणि तरी धाडलं. पण सासू ऐकत होती. दीर दारात उभा होता. आणि ते कुणीही तिथं नसते, तर मी बोलले असते का? ... नाही.

मी म्हणाले, "थोडा उशीर झाला खरा."

तिनं मान हलवली. जणू तिला ते आधीच माहीत होतं.

आता सुरेखा मातांच्या बैठकीला येते. न बोलावता येते. नव्या पोरींना सांगते, "माज्यावानी करू नगा. लेकराला घिऊन माहेरात बसू नगा, बाईंस्नी दावा. त्यास्नी समदं कळतं."

बायका माझ्याकडे बघतात. मी शेजारी बसलेली असते.

मी तिला बोलू देते.