वळणावर तीसच!

मित्रांनो, आज माझा इंटरव्ह्यू हुकला, आणि तोही सख्ख्या भावामुळे.

माझा दादा रेल्वेत लोको पायलट आहे. सकाळी मी मावशीकडून, नाशिकहून, नेमकी त्याच्याच गाडीने निघाले. अकरा वाजता घाटकोपरला पोहोचायचं होतं. गाडी आधीच लेट, त्यात घाटातल्या एका वळणावर ती अक्षरशः रांगायला लागली. शेजारचे काका वैतागले, "ड्रायव्हर झोपला काय?" मीही मनातल्या मनात दादाला शिव्या घातल्या.

ऑफिसात पोहोचले तेव्हा मुलाखत घेणारे उठून गेले होते.

दुपारी दादा मुलुंडला घरी आला, तशी मी सुरूच झाले. "थोडी पळवली असतीस तर काय बिघडलं असतं रे?"

तो बूट काढत म्हणाला, "तिथे तीसची पाटी आहे गं. वळणावर वेग जास्त झाला तर डबे बाहेरच्या बाजूला फेकले जातात. उलटतातसुद्धा."

"मी गाडीत आहे, माहीत होतं ना तुला?"

"होतं. तू नसतीस तरी तीसच ठेवला असता."

राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण त्याचं ताट मीच वाढलं.

गाडी वळणावर हळू झाली की तुम्ही काय म्हणता? खरं सांगा.