प्रल्हादभाऊंचा दोन मेगापिक्सेलवाला फोन

किस्से गोळा करायला कोणी बसत नाही. शर्टाच्या खिशात कचरा साचतो तसे ते आपोआप साचत जातात, आणि एक दिवस खिसा उलटा केला की लक्षात येतं, अरे, एवढे झाले! आमच्या मंडळाचेही असेच बरेच साचलेत. सांगायला बसलं की पहिल्यांदा हसू येतं. मग ते अर्ध्यावर थांबतं. तरी सांगतो, कारण न सांगता जास्त त्रास होतो.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं, मलकापूरचे. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. गजूभाऊचं कृषी सेवा केंद्र आहे. जावेदभाईचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि आमच्यात वयाने सगळ्यात मोठे प्रल्हादभाऊ, ते कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. रविवारी सकाळी नळगंगेच्या बाजूला शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, हिंडायचं, एखादा किडा शोधायचा आणि चौघांनी आपापल्या फोनने त्याचा अगदी जवळून फोटो काढायचा. मॅक्रो म्हणतात त्याला. कोणाच्या फोनचा कॅमेरा भारी, ते ठरवायचं. हरला त्याने कचोरी खाऊ घालायची.

नियम एकच, पण कडक. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, कारण तिथे तो दबून येतो आणि किड्याच्या मिशा गायब होतात. ज्याच्या फोनने काढला त्याच्याच फोनवर, तिथेच धुऱ्यावर उभं राहून पाहायचा. हा नियम जावेदभाईचा. त्यामुळे पुढे काय काय होणार होतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

*

पहिल्या रविवारी कापसाच्या बोंडावरचा लाल ढेकण्या ठरला. गजूभाऊने तेव्हा नुकताच शहरातून मोठा फोन आणला होता. कव्हर काढताना तो असा काही काढायचा की जणू म्यानातून तलवार! आमचे फोटो झाले. गजूभाऊ मात्र बोंडावर इतका वाकला, की फोन, हात आणि डोकं या तिन्हींची सावली एकाच वेळी ढेकण्यावर पडली.

जावेदभाईने त्याच्या स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "गजूभाऊ, किडा कोठी हाय?"

"हे काळं दिसून राह्यलं ना," गजूभाऊ म्हणाला, "याच्या आतमंदी हाय थो!"

कचोरी त्याच्याकडेच लागली.

*

याच गजूभाऊच्या फोनचा दुसरा प्रताप. बोंडअळीचा हंगाम होता. शेतकऱ्यांना दाखवायला एक चांगला फोटो हवा म्हणून त्याने बोंड फोडून आतली गुलाबी अळी टिपली. आदल्या दिवशी त्याच्या पोरीने त्याच फोनवर लग्नातले फोटो काढले होते आणि चेहरा उजळ करायची सेटिंग तशीच ठेवली होती. फोनने आपलं काम चोख केलं. अळी गोरी, नितळ, अंगावर सुरकुती नाही, एक डाग नाही!

"काय रूप हाय!" जावेदभाई म्हणाला. "गजूभाऊ, हिचा फोटो बाहेर दाखवू नोका, स्थळं येतीन!"

गजूभाऊने तो फोटो काउंटरमागे लावलाच. पुढे एक शेतकरी तो पाहून म्हणाला, "अशी अळी तं आपल्याकडं नाई भाऊ," आणि औषध न घेता परत गेला. त्याचं पीक त्या वर्षी हातचं गेलं. हा किस्सा आम्ही पहिल्या भागापर्यंतच सांगतो.

*

माझंही एक सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल सर दुसऱ्यांवरच हसतात. लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवला की तो भिंगाचं काम करतो, असं मी कुठेतरी वाचलं. विज्ञान बरोबर आहे! मुंगीचा डोळा काय सुंदर दिसला. फक्त थेंब लेन्सवर ठेवायचा म्हणजे फोन आडवा धरायचा, आणि मुंगी होती बाभळीच्या खोडावर, उभी. मी फोन उभा केला. थेंब ओघळून आत गेला. दोन दिवस माझा फोन मुका होता. बायकोचे फोन यायचे, मला तिचं ऐकू यायचं, तिला माझं नाही. तिने तक्रार केली नाही, हे मला जास्त लागलं.

जावेदभाईने फोन उघडून वाळत घातला. "सर, बायोलॉजी तुमचीच ना? पान्यात मासा जगते. फोन नाई जगत!"

*

आता प्रल्हादभाऊ. त्यांचं सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

त्यांचा फोन आमच्यात सगळ्यात रद्दी. मागे चार कॅमेरे असलेलं स्वस्तातलं मॉडेल, त्यातला मॅक्रो दोन मेगापिक्सेलचा, नावालाच. फोटो दुधाळ यायचा, रंग उडालेले. दर दोन रविवारांनी कचोरी त्यांच्याकडे. गजूभाऊ एकदा चिडवायला म्हणाला, "प्रल्हादभाऊ, फेका ना हा डबडा. काऊन सांभाळून राह्यले?"

प्रल्हादभाऊंनी फोन खिशात ठेवला. जावेदभाईने गजूभाऊला बाजूला नेलं.

फोन निखिलचा होता, त्यांच्या मुलाचा. निखिल हायवेवर गाडीच्या अपघातात गेला, तेव्हा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. म्हणून फोन वाचला. त्याला पॅटर्न लॉक, ठिपके जोडून उघडायचं. पॅटर्न कोणालाच माहीत नाही. प्रल्हादभाऊंनी सुरुवातीला काही करून पाहिले, तर फोन म्हणाला थांबा, मग म्हणाला आणखी थांबा. जावेदभाईने सांगितलं, जास्त चुकवाल तर काही फोन आतलं सगळं पुसून टाकतात. तेव्हापासून त्यांनी पॅटर्नला बोट लावलं नाही. सर्विस सेंटरवाले म्हणाले, रिसेट मारून देतो, फोन नवाकोरा होईल, पण आतलं जाईल. त्यांना नवाकोरा फोन नको होता.

पण लॉक असला तरी बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो. फोटो काढता येतो, काढलेला तेवढाच पाहता येतो. स्क्रीन एकदा काळी झाली की तोही आत जातो, कुलूपबंद. म्हणून आमच्या मंडळाचा तिथल्या तिथे फोटो पाहायचा नियम त्यांच्या कामाचा होता. दुसऱ्या कुठल्या मंडळात त्यांना येताच आलं नसतं.

आणखी एक गोष्ट. निखिलने शिक्षण मध्येच सोडून घरी यायचं ठरवलं, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. जेवायचं ताट तयार आहे, हासुद्धा निरोप आईमार्फत जायचा. शेवटपर्यंत तसंच राहिलं.

"आतमंदी माह्याबद्दल काय काय लिवून ठेवलं असन त्यानं," प्रल्हादभाऊ मला एकदा म्हणाले. "पाह्यचंबी हाय सर, अन् भेवबी वाटते."

त्यानंतर गजूभाऊने त्या फोनला कधी डबडा म्हटलं नाही. स्वतःच्या फोनला म्हणायला लागला!

*

फोन बंद पडू द्यायचा नाही, ही प्रल्हादभाऊंची मोठी काळजी. एकदा बंद होऊन सुरू झाला की पॅटर्न टाकल्याशिवाय कॅमेराही उघडणार नाही, असं जावेदभाईचं म्हणणं. म्हणून ते पॉवर बँक बाळगायचे, घरी लाइट गेली की जिनिंगमध्ये जाऊन बसायचे.

एका रविवारी पॉवर बँकच बिघडली. आम्ही गावापासून लांब, फोन शेवटच्या घटकेला आलेला. प्रल्हादभाऊंचा चेहरा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा झाला. तेवढ्यात रस्त्यावरून बकऱ्या भरलेली एक पिकअप आली. गजूभाऊ तिच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. ड्रायव्हरकडे चार्जर होता, पण गाडीतच चालणारा, आणि त्याला बाजाराला उशीर होत होता. प्रल्हादभाऊंनी एक शब्द विचारला नाही. फोन चार्जरला लावून बकऱ्यांच्या पुढे केबिनमध्ये चढले आणि गाडी निघून गेली.

दुपार झाली तरी पत्ता नाही. त्यांच्याजवळ बोलायचा साधा फोनही होता, त्यावर मी लावला. "प्रल्हादभाऊ, कोठी आहात?"

"पिंपळगाव राजाले," ते म्हणाले. "चाळीस टक्के झाला!"

इतकं समाधान मी त्यांच्या आवाजात त्याआधी ऐकलं नव्हतं.

*

आणि एकदा ते चक्क जिंकले. हिवाळ्याची सकाळ होती, तुरीच्या दोन झाडांमध्ये कोळ्याचं जाळं आणि त्यावर दव. आमचे भारी फोन मागच्या आभाळावर फोकस मारत बसले. त्या दोन मेगापिक्सेलला मागचं काही दिसतच नाही, त्यामुळे त्याने मुकाट्याने जाळं धरलं. थेंबाथेंबात उलटी तूर दिसत होती!

जावेदभाई म्हणाला, "याचा मोठा प्रिंट काढून दुकानात लावतो. द्या इकडं." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. फोटो बाहेर येणार नव्हता. गजूभाऊ आपल्या फोनने त्या स्क्रीनचाच फोटो काढायला धावला, आणि तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

गजूभाऊने स्वतःलाच शिवी दिली.

"राहू द्या," प्रल्हादभाऊ म्हणाले. "निखिलच्या फोटोइच्या बाजूले जाऊन बसला थो."

त्या दिवशी कचोरी कोणीच खाल्ली नाही. बांधून आणली आणि दुकानाबाहेरच्या कुत्र्याला घातली.

*

आता शेवटचा.

गेल्या उन्हाळ्यात धुऱ्यांवर किडेच नव्हते. सगळं भाजून गेलेलं. आम्ही जावेदभाईच्या दुकानात बसलो होतो, आणि वेळ जात नाही म्हणून गजूभाऊ आपल्या नव्या फोनने मॅक्रो काढत बसला. खडीसाखरेचा, स्क्रूचा, माझ्या नखाचा. टेबलावर निखिलचा फोन होता, त्याचाही काढला. दारातून तिरकं ऊन येत होतं.

निखिलने त्या फोनच्या काचेवर मॅट गार्ड लावलेलं, गेम खेळणारी पोरं लावतात ते, खरखरीत. गजूभाऊने फोटो मोठा केला आणि मग तो आणखी मोठा करत गेला. खरखरीत गार्डवर मधोमध एक गुळगुळीत पट्टा चमकत होता. वरून खाली, आडवा, पुन्हा वर. एकच रेघ हजारदा ओढून घासलेली.

"जावेदभाई," गजूभाऊ हळूच म्हणाला, "हे पाह्य बे."

जावेदभाईने फोटो पाहिला. मग मी पाहिला. प्रल्हादभाऊंना कोण सांगणार, यावर आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पण ते समोरच बसलेले. त्यांनी गजूभाऊच्या हातातून फोन घेतला, फोटो पाहिला आणि त्यांना कळलं.

"मी नाई करत," ते म्हणाले. "सर, तुमी करा."

"नाही," मी म्हणालो. "तुम्हीच."

त्यांनी बोट पँटला पुसलं. रेघ डावीकडून ओढली. फोन म्हणाला, चूक. जावेदभाई पुटपुटला, "उलटी करा, उजवीकडून." प्रल्हादभाऊंनी डोळे मिटले, उघडले आणि उलटी ओढली.

फोन उघडला.

दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, जावेदभाईने त्याला हातानेच परत पाठवलं. प्रल्हादभाऊंनी मेसेजना हात लावला नाही. त्यांनी गॅलरी उघडली. वर सगळे आमचेच रविवार होते. दुधाळ मुंग्या, ढेकणे, ते दवाचं जाळं. प्रल्हादभाऊ बोटाने ते सारत गेले, सारत गेले, आणि एका फोटोवर थांबले. आमचे किडे संपले होते. हा निखिलने काढलेला शेवटचा फोटो होता.

मॅक्रोच होता. इतका धूसर, की काय आहे ते कळेना. जाडजाड केस, काही काळे, काही पांढरे, एका बाजूला वळलेले.

आमची खोड जाते का! "केसाळ अळी हाय," गजूभाऊ म्हणाला. "एरंडीवर येते थे." जावेदभाईला तो दाढीचा ब्रश वाटला. मीही वाकून पाहिलं आणि अळी नाही, कसलं तरी कुसळ असेल, असं सांगायला लागलो.

प्रल्हादभाऊंनी फोन टेबलावर ठेवला. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी आपल्या मिशीवरून सावकाश फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"लयच जवळ आला होता," ते म्हणाले. "मले जाग नाई आली."