दुकानाच्या क्यूआरवरची भिशी

भवानी पेठेत माझं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. भाकऱ्या मी एकटी करत नाही. गल्लीतल्या बायका माझ्याकडून पीठ नेतात आणि घरी थापून, कडक करून आणून देतात. त्याच बायकांची भिशीही कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. ती मी चालवते, कारण माझा आवाज मोठा आहे आणि हप्ता चुकवणारीला मी भर रस्त्यात हाक मारू शकते.

पूर्वी हप्ता रोख यायचा. मग काउंटरवर तो क्यूआर कोड चिकटला आणि बायका हप्ताही त्यावरच टाकू लागल्या. भाकरीचे पैसे, चटणीचे पैसे, भिशीचे पैसे, सगळं एकाच खात्यात. मला तर ते सोयीचंच वाटलं. जिला भिशी लागेल तिला मात्र मी गल्ल्यातली रोख काढून द्यायचे, कारण बायकांना रोखच हवी असायची. निम्म्याजणींच्या घरी या भिशीचा पत्ताच नव्हता. नवऱ्याला कळलं की ती रक्कम दिराच्या लग्नात नाहीतर नव्या मोटरसायकलीत गडप होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलीची फी, स्वतःच्या दाताचं काम, माहेरी आईचं औषधपाणी, असल्या गोष्टी या भिशीतूनच व्हायच्या.

आणि एक दिवस जीएसटीची नोटीस आली. तुमच्या खात्यात आलेली रक्कम मर्यादेच्या वर गेली आहे, तुम्ही नोंदणी केलेली नाही, तेव्हा ही सगळी विक्री धरून कर आणि दंड का लावू नये, असा प्रश्न होता आणि उत्तराला मुदत होती. तेवढा दंड भरायचा तर दुकान मोडावं लागलं असतं, आणि दुकान मोडलं की बायकांचं भाकरीचं कामही गेलं असतं.

आधी मी जवळच्याच एका सल्लागाराकडे गेले. भलं मोठं टेबल, त्यावर दोन फोन. गृहस्थांनी नोटीस धड वाचलीसुद्धा नाही. म्हणाले, "आत माझी ओळख आहे. तुमचा बँकेचा पासवर्ड द्या, ओटीपी आला की सांगा आणि उद्या रोख घेऊन या. मिटवून टाकू."

"पावती मिळेल ना?" मी विचारलं.

"अशा कामाची पावती नसते, मावशी."

"मग असलं काम मला नको," म्हणून मी उठले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या दिवशी तो उपयोगी पडला. पण खोटं कशाला सांगू, रस्त्यावर आल्यावर नोटीस हातात धरून मी तशीच उभी राहिले. हा नाही तर कोण, हे मला माहीत नव्हतं.

वाट दाखवली ती माझ्या ज्वारीवाल्याने. मोहोळकडचा शेतकरी, स्वतःच्या रानातली ज्वारी मला घालतो. पोती उतरवताना माझा चेहरा बघून त्याने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं.

"सात रस्त्याला टॅक्सचं बगनारी एक म्याडम हाय, अक्का," तो म्हणाला. "मी गेलतो की तिच्याकडं. 'तुमची सगळी शेतीची मिळकत, तुमाला माजी गरज न्हाय,' म्हनली आन् एक रुपया न घेता माघारी धाडलं मला. लई सरळ बाई. तिलाच विचारा की."

चालून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई! मी स्वतः दुकानदार. भाकरी संपली तरी गिऱ्हाइकाला चटणी घेतल्याशिवाय मी हलू देत नाही. दुसऱ्याच दिवशी सात रस्ता गाठला.

झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लहानशी खोली. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी नोटीस सावकाश वाचली, पुन्हा वाचली, आणि आपली फी एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवली.

"काकू, उत्तर मी लिहीन. निर्णय जीएसटीच्या साहेबांचा. तो काय होईल हे मी आज सांगू शकत नाही."

"मग फी कशाची?" मी फणकारले.

"उत्तर नीट लिहिण्याची," त्या शांतपणे म्हणाल्या. खात्याचे कागद काढताना बँकेचा पासवर्ड त्यांनी माझा मलाच टाइप करायला लावला आणि तोंड दुसरीकडे फिरवून बसल्या. आधीच्या गृहस्थांची आठवण येऊन मला हसू आलं.

मग त्या माझ्या खात्याचा उतारा पेन्सिल घेऊन बघू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काकू, महिन्याच्या सुरुवातीला एवढ्या सगळ्या बायका अगदी सारख्याच रकमेची भाकरी कशी काय घेतात?"

मी भिशीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग ही विक्रीच नाही! हे पैसे बाजूला काढले तर तुम्ही मर्यादेच्या आतच बसता." मी खुर्चीत सैल झाले. तोवर त्या पुढे म्हणाल्या, "पण ते दाखवायला हवं. पैसे आल्याचं दिसतं, दिल्याचं कुठेच दिसत नाही, कारण तुम्ही रोख दिलेत. प्रत्येकीने लिहून द्यावं लागेल, की हे पैसे माझे, भिशीचे, आणि माझी भिशी मला मिळाली. नावानिशी, सहीनिशी."

माझा आनंद जागच्या जागी विरला. नाव आणि सही! ज्या गोष्टीवर बायकांनी घरात इतकी वर्षं मौन धरलं, तीच आता सरकारी कागदावर जाणार होती. "गल्लीतल्या बायका, एवढंच लिहिलं तर?" मी विचारून पाहिलं.

"नाव नसलेल्या बायकांवर साहेब विश्वास कसा ठेवतील?"

रविवारी दुपारी बाई स्वतः दुकानात आल्या. त्यांच्यासाठी मी खुर्ची पुसून ठेवली होती, पण त्या बायकांबरोबर खाली सतरंजीवर बसल्या. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "कागद जीएसटीच्या ऑफिसात राहील. घरी पत्र यायचं कारण दिसत नाही. पण साहेबांनी चौकशीला बोलावलंच, तर यावं लागेल. ते मी आधीच सांगून ठेवते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे सांगायची काय गरज होती? आमच्यातली सगळ्यात पातळ भाकरी करणारी एक जण आहे, रिक्षावाल्याची बायको. लेकीच्या नर्सिंगची फी तिने भिशीतून भरली होती आणि घरी सांगितलं होतं, कॉलेजने माफ केली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती.

"अक्कासाटी आत्ताच करतो की सही," एक जण म्हणाली.

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "घरी जा, विचार करा. उद्या सकाळी ज्यांना जमेल त्यांनी माझ्याकडे या. ज्यांना जमणार नाही त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नका. येतील तेवढ्यांवर मी उत्तर लिहीन."

बायका गेल्यावर मी भडकलेच. "तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?"

"तुमच्याच, काकू. पण त्यांना अंधारात ठेवून तुमची बाजू कशी लिहू?" त्या म्हणाल्या. मी चटणीचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो घेतला आणि काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून पैसे टाकले. "हे मात्र विक्रीत धरा हं," म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. उत्तर गेलं, काही आठवड्यांनी माझी बाजू मान्य झाल्याचा आदेश आला, कुणालाही चौकशीला बोलावलं नाही. दुकान राहिलं, भाकऱ्या राहिल्या. बाईंच्या सांगण्यावरून भिशीचं खातं आता वेगळं आहे. दर वर्षी माझे कागद त्याच बघतात, आणि त्यांची पावती मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवते. मला कुणी हसलं तर हसू दे.

पण माझं मन सारखं जातं ते त्या सोमवारच्या सकाळी. मी सात रस्त्याला रिक्षास्टॉपजवळ उभी होते, कुणी येईल अशी आशा न धरता. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. आत बायकाच बायका, एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. मागून दुसरी रिक्षा, उरलेल्या तिच्यात. पहिली रिक्षा चालवत होता त्या पातळ भाकरीवालीचा नवरा. मी गारच पडले.

"तुमाला कसं कळलं?" मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. "भांडण झालं का घरात?"

"भांडन कशाचं, अक्का? रात्री तिनं सांगितलं. मला आदीपासनंच ठावं हाय की. भिशीचा हप्ता भरला की आमच्यात दोन-चार दिवस बिनदुधाचा च्या असतोय. इतकी वर्सं पितोय, तेवडं कळत न्हाय व्हय?"

"आन् बोलला न्हाईसा कदी?" मागून त्याची बायको म्हणाली.

"तूबी कुटं बोललीस? पोरगी शिकत हुती. मंग काय बोलायचं?"

जिना चढून पहिली सही तिने केली. पाठोपाठ सगळ्याजणींनी केल्या, एकही मागे राहिली नाही. तिथे त्या लहान खोलीत, सगळ्यांसमोर, मी पदर तोंडाला लावून रडले. माझ्या मोठ्या आवाजाचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. बाईंनी मला पाणी दिलं आणि कागद एकावर एक नीट रचून ठेवले.

नंतर आम्ही सगळ्या खाली चहाच्या गाड्यावर आलो. पैसे मी देणार होते, पण रिक्षावाला आधीच पुढे झाला होता. चहावाल्याने ग्लास मांडायला घेतले, तेव्हा रिक्षावाल्याची बायको गर्दीतून वाट काढत गाड्यापाशी गेली.

"ह्यांच्यात," ती म्हणाली, "दूद जरा जास्त घाला."