कानात सांगितलेलं नाव

प्रॉम्टरभाऊ भांडायचा तोही कुजबुजून. झाडीपट्टीच्या नाटकात पडद्याआड बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, हे त्याचं काम. किती हिवाळे तेच केलं, म्हणून घसाच खालच्या आवाजात बसला. बायकोवर रागावला तरी शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही. बैल दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरला तर आपण बांधावरून ओरडतो. हा चिखलातून धावत जायचा आणि बैलाच्या कानाशी जाऊन बोलायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "ओरडलं का मान फिरवते, भाऊ. हळू बोललं का जवळ येते."

गावात कोणाच्या घरी पाळणा बांधला की नाव त्यालाच विचारत. नाटकातली सगळी राजपुत्रांची नावं त्याला पाठ. त्याच्यामुळे आमच्या गावात दोन इंद्रजित आणि एक विक्रमसिंह आजही गुडघाभर चिखलात धानाची रोवणी करतात. तरी नाव द्यायच्या आधी तो ते लांब उभा राहून म्हणून पाहायचा. "नाव दिसाले नाई, हाकेले पायजे," हे त्याचं ठरलेलं बोलणं. दुसरं ठरलेलं बोलणं असं, की एकदा कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही. हे दुसरं मी जपून ठेवलं आहे.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. एका वर्षी तेंदूची पानं तोडून येताना माझ्या बायकोनं, कौशल्यानं, पदरात एक पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, कान लोंबते, नर. मी म्हटलं, शेरू म्हण आणि टाक भाकर. ती माझ्यावर उखडली.

"शेरू-मोती गल्लीत दहा हाय. याले चांगलं नाव पायजे जी. घरंदाज."

"मग वाघ्या ठेव."

"हो! मोहफुलं वेचाले बाया जंगलात बसल्या राहीन, अन् मी 'वाघ्या, वाघ्या' करून ओरडू? टोपल्या टाकून पळतीन साऱ्या!"

शेवटी प्रॉम्टरभाऊला बोलावलं. तो ओसरीवर मांडी घालून बसला आणि पिल्लाकडे असा पाहू लागला, जसं कोणाचं सोंग रंगवायचं आहे. मधुकर म्हणाला, तर तो आमचा शेजारी. विलास म्हणाला, तर तो सरपंचाचा साळा. "शूरसेन?" म्हणाला.

"भाऊजी, मले हाक मारायची हाय, आरती नाई करायची," कौशल्या म्हणाली.

त्यानं चहा संपवला, उठला, धानाच्या बांध्या ओलांडून पार मोहाच्या झाडापर्यंत गेला. तिथून आवाज आला, "मंदाऽर!" आयुष्यात मी त्याला ओरडताना ऐकलं ते तेवढंच. परत आला तो धापा टाकत. "मऊ निघते, वहिनी, अन् दूर जाते. गावात दुसरा नाई. शिवी द्याची म्हटली तरी या नावापुढं शिवी बसत नाई." मी लगेच देऊन पाहिली. खरंच बसली नाही.

मग कौशल्यानं बारशासारखं केलं. सुपात पिल्लू निजवलं, चण्याच्या घुगऱ्या वाटल्या. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. कौशल्या म्हणाली, "याले आत्या कुठली? तुम्हीच सांगा भाऊजी, तुमचा धंदाच तो." तो वाकला आणि त्यानं तीनदा नाव सांगितलं. तेव्हापासून मी त्याला 'आत्याबाई' म्हणून चिडवायचो. कौशल्यानं आपल्या लग्नाच्या लुगड्याचा काठ फाडून मंदारच्या गळ्यात बांधला. गाठ अशी मारली की मलाही सुटली नसती.

मंदारला त्याचाही तितकाच लळा लागला. मी ओरडलो की कुत्रा डुलत डुलत यायचा. प्रॉम्टरभाऊनं नुसतं ओठात नाव घेतलं की पळत सुटायचा.

मग कौशल्या आजारी पडली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला भरती केलं. मी तिच्यासोबत राहिलो आणि मंदारला प्रॉम्टरभाऊकडे ठेवलं. आत्याकडे नाही तर कोणाकडे ठेवणार? ती खाटेवरून रोज एकच विचारायची, "मंदार जेवला असन का जी?"

एक दिवस प्रॉम्टरभाऊ दवाखान्यात आला. खाटेजवळ स्टुलावर बसला आणि कुजबुजला, "वहिनी, बिबट्यानं नेला. अंगणातून." पिशवीतून त्यानं तो लुगड्याचा काठ काढून तिच्या हातात दिला. ती रडली नाही. काठ हातात घेऊन उलटापालटा करत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुटला नाई हो हा." मला वाटलं, तापात बडबडते आहे. मी म्हटलं, "नीज." तिनं काठ उशीखाली ठेवला आणि पुन्हा मंदारचं नाव काढलं नाही. आठ दिवसांनी ती गेली. काठ मी तिच्यासोबत सरणावर ठेवला.

त्या हिवाळ्यात मी धान घेऊन वडशाला गेलो. वाटेत प्रॉम्टरभाऊच्या नाटक मंडळाच्या मालकाचं घर आहे. त्याच्या पडवीत साखळीला मंदार बांधलेला. मी पायरीशीच थांबलो. नाव घेतलं. साखळी ताणून तो दोन पायांवर उभा राहिला आणि रडल्यासारखा आवाज काढू लागला.

आतून मालक आला. "ओळखतो का रॉकीले? आमच्या प्रॉम्टरनं देला. रस्त्यावरचा होता म्हणे, कोणाचा नाई."

मी सांगितलं, कोणाचा आहे ते. माणूस भला. त्यानं लगेच साखळी सोडली.

मी मंदारला घेऊन सरळ नाटकाच्या मंडपात गेलो. प्रॉम्टरभाऊ पडद्याआड वही चाळत बसला होता. कुत्रं त्याच्या अंगावर उड्या मारू लागलं. त्याला काय कळतं! त्याची वही खाली पडली.

"जागा जाऊन राह्यली होती, भाऊ," तो कुजबुजला. "नवे पोट्टे पाठ करून येते, प्रॉम्टर लागत नाई. मालकाले कुत्रा आवडला होता. मले दुसरं काई येत नाई."

"मागितला असता तर मी देला असता."

"वहिनीनं नसता देला."

"मग देला म्हणून सांगाचं होतं तिले. मारला काऊन?"

त्यानं पडलेली वही उचलली. मग म्हणाला, "देला म्हटलं असतं तर तिले राग आला असता. मेला म्हटलं का माणूस रडून घेते."

मी हात उचलला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याशी बोललो नाही. कुत्र्यासाठी माझा एवढा राग नाही. कुत्रं परत आलं. पण त्यानं त्याच हातांनी तिची गाठ सोडली आणि काठ तिच्या हातात आणून दिला. 'तुटला नाई हो' असं ती म्हणाली, तेव्हा तिला कळलं होतं का? कळूनही मला त्रास नको म्हणून गप्प बसली का? हे आता विचारू कोणाला?

अशी बरीच वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात तो खाटेला खिळला. त्याच्या बायकोनं निरोप धाडला, एकदा मंदारला आणा, तेच मागून राह्यले. मी नेला नाही. लोकांनी मला नावं ठेवली. ठेवू देत.

तो गेला. आता मंदारही म्हातारा झाला. कधी संध्याकाळी जाऊन त्याच्या बंद दारासमोर बसतो. मी ओसरीवरून हाक मारतो, तो मानही वळवत नाही. दुसऱ्यांदा ओरडतो, तरी नाही. मग काठी टेकत तिथं जावं लागतं. गुडघे धरून वाकतो, आणि ज्या माणसाचं तोंड पाहायला मी गेलो नाही, त्याच्यासारखं हळू त्याच्या कानात म्हणतो, "मंदार."

तेव्हा उठतो.