थकलेल्या गाण्यांचा अंक

"भाऊ, काळं येऊ द्या." यंत्रातून पहिलं पान पडलं की तो ते उजेडाला धरायचा, नाकाशी न्यायचा आणि हेच म्हणायचा. मी म्हणायचो, शाई काय तुझा बाप देतो? तो हसायचा आणि दुसऱ्या पानाची वाट बघायचा.

मी जळगावात एका टायपिंग क्लासात शिपाई होतो. शिक्षण चौथी. क्लासातलं सायक्लोस्टाइलचं यंत्र माझ्या हाताखाली. प्रश्नपत्रिका, भजनी मंडळांची पत्रकं, सगळं त्यावर निघायचं. आणि निघायचा या काळं मागणाऱ्या पोराचा अंक, 'ठणका'. सगळा रॉक म्युझिकचा, सगळा मराठीत, लिहिणारा हा एकटा. चोपड्याकडचा पोरगा, इथे जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर कामाला. नव्वद साल जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट.

परवा पुण्याहून दोन शहाणे आले होते. असल्या जुन्या अंकांचा इतिहास लिहिताहेत म्हणे. एकाने विचारलं, "काका, तो विनोदी अंक तुम्हीच छापायचे ना?" मी चहासुद्धा विचारला नाही. त्यात विनोदी काय होतं, ते तुम्हीच सांगा.

पानं जुळवायचं काम आमच्या घरी चालायचं. ही फरशीवर बसून पिना मारायची. हिला जाऊन आता दोन वर्षं झाली. खरं तर हे तिनेच लिहायला हवं होतं, पण तिला अक्षर येत नव्हतं. तो कोपऱ्यात टेप लावून बसायचा. ही गाणाऱ्याबद्दल विचारायची, "हाऊ गाई ऱ्हायना का रडी ऱ्हायना?"

"दोन्ही, अक्का. बठ्ठं एकदमच."

टेप सेलवर चालायचा. सेल संपले की तो ते आमच्या पत्र्यावर उन्हात तापत ठेवायचा. तेव्हा घरोघर हेच करायचे. तापलेले सेल दोन गाणी नीट ओढायचे. मग हळूहळू टेप मंदावायचा, गाणाऱ्याचा आवाज जड व्हायचा, ढोल लांब लांब पडायचे. आम्हा तिघांना वाटायचं, गाणंच तसं आहे. दुसरीकडे ऐकणार कुठे?

त्यावर त्याने चार पानं लिहिली. मीच छापली, म्हणून अजून आठवतात. "हे लोक सुरुवातीला रागावलेले असतात. पण शेवटी शेवटी थकतात, आणि थकल्याचं लपवत नाहीत. आमच्या जिनिंगमधले हमाल पाळी सुटताना असेच बोलतात." ही ऐकून म्हणाली, "हाई खरं शे." पिना मारताना ती असं कधी काही बोलत नसे.

धुळ्याला एका कॉलेजात संगीताचा कार्यक्रम होता. अंक घेऊन आम्ही दोघं कापसाच्या ट्रकवर बसून गेलो. मुंबईचा कोणी जाणकार पाहुणा होता. दारावर त्याने एक अंक घेतला, चाळला, आणि स्टेजवर जाऊन तीच चार पानं वाचून दाखवली. मग त्या पानांत ज्याचं नाव होतं तेच गाणं मोठ्या यंत्रावर लावलं. ते शेवटपर्यंत घोड्यासारखं पळालं. पाहुणा म्हणाला, "लेखकमहाशयांनी आधी सेल बदलावेत." पोरं बाकांवर हात आपटून हसली.

हाही हसला. सगळ्यांबरोबर, मोठ्याने. तेव्हा मला पाहुण्यापेक्षा याचाच राग आला. मी दंड धरून हलवला. "तू कशाला दात काढतोस? ऊठ, सांग त्याला, आमच्याकडे असंच वाजतं."

"बसा भाऊ. त्यांचं बरोबर आहे."

"बरोबर असू दे. तुझं काय?"

तो उठला नाही. घरी हिला मी सगळं सांगितलं, तेव्हा तीच त्याच्यावर चिडली. "तुले जसं ऐकू उनं तसं तू लिखं. त्यामा खोटं काय शे?"

"खोटं काहीच नही, अक्का. पण माले वाटे, तथा बी कोनी थकस." तिकडे, त्या गोऱ्यांच्या मुलखातही कोणी थकतं, असं वाटायचं बिचाऱ्याला.

पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जिनिंगवर विचारलं, तर काम सोडून सुरतेकडे गेला म्हणाले. पत्ता कोणाकडे नाही. मी त्याला मनातल्या मनात वाटेल ते बोललो, अजून बोलतो. एवढ्याशा हसण्यावर हातातलं सोडून जातात का? आणि त्या हॉलमधल्यांना तर काय बोलावं. सेल चुकीचे होते, कबूल. पण एक माणूस आपल्या कानाने ऐकून आपल्या भाषेत लिहीत होता. तेवढंही यांना बघवलं नाही.

पुढच्या अंकासाठी आणलेला कोऱ्या कागदाचा गठ्ठा आमच्या घरात पडून राहिला. ही त्याला हात लावू द्यायची नाही. वर्ष झालं, तेव्हा एक दिवस रागाच्या भरात मी तो उचलला आणि कोपऱ्यावरच्या फुटाणेवाल्याला देऊन टाकला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला फुटाणे पांढऱ्याशुभ्र पुड्यांत मिळाले. ही फुटाणे ताटलीत ओतायची, कागद मांडीवर सपाट करायची, आणि दोन्ही बाजूंनी बघायची.